चंदनाचे हात

मारुतीच्या देवळात पेटी वाजायला लागली आणि भामाबाईच्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली. आज भजनात तिचा अभंग घेणार होते. जाळाचा आवाजसुद्धा मधे नको म्हणून तिनं चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि दाराशी येऊन उभी राहिली.

आपण जुळवलेलं चार माणसांच्या तोंडून ऐकावं, याहून मोठं सुख नसेल असं तिला आजवर वाटायचं. ऐकलं, आणि ते सुख तिथंच संपलं. चाल सिनेमातली होती. बारामतीला तंबूत खेळ लागला होता, त्यातलं गाणं पोरं बांधाबांधावर शीळ घालत फिरायची. तीच चाल. नरहरीच्या नावाला मुरका, मुरक्याला पुन्हा एक गिरकी, त्यात शब्द धड कळेनात. आणि सगळं संपता संपता शेवटचा चरण मात्र स्वच्छ कानावर आला:

जोतीराम म्हणे धुऊ दोघे हात ।
पाटाच्या पाण्यात सांजवेळी ॥

मागं भाकर करपली. धूर घरभर झाला तरी बाई दारातून हलली नाही. कुणी आपल्या ताटात जेवून, वर त्याच ताटात हात धुवून उठावं, तसं तिला वाटलं.

काटेवाडीच्या अलीकडं, पाटाच्या कडेला थोड्या घरांची वस्ती होती. त्यातलं एक घर कुंडलिकाचं. भामाबाई त्याची बायको. थोडा ऊस, बारामतीच्या बाजारासाठी मेथी-कोथिंबीर, दोन म्हशी. तिचं माहेर इंदापूर तालुक्यात, नरसिंहपुराच्या अंगाला. नीरा जिथं भीमेला मिळते तिथला नरहरी हा तिच्या माहेरचा देव. चौथीपर्यंत शाळा झालेली, त्यामुळं आंघोळ झाली की पोथीची चार पानं वाचल्याशिवाय ती तोंडात पाणी घालायची नाही. घर नेटकं, बाई देवभोळी, बोलायला कमी. वस्तीला एवढंच ठाऊक. तिला जुळवता येतं हे ठाऊक होतं दोघांनाच. एक नवऱ्याला आणि एक शेजारच्या रंगूआक्काला.

लोकांना वाटतं, ओळ सुचणं म्हणजे देवानं डोक्यावर फूल टाकणं. फूल कसलं! सुचायचं ते नेमकं हात गुंतलेले असताना. म्हशीखाली बसावं, चरवी अर्धी व्हावी, आणि ओळ यावी. मग धार चरवीबाहेर, म्हैस लाथ उगारते, आणि बाई ओठातल्या ओठात तेच तेच पुटपुटते, निसटू नये म्हणून. तेवढ्यात कुणी हाक मारावी, “अगं, इळा कुठं ठेवलास?” इळा सापडायचा. ओळ जायची. गेलेली ओळ परत आठवायला बसलं की तिच्या जागी दुसरीच कुठली तरी येऊन बसते, पाहुण्यासारखी, आणि उठता उठत नाही. चुकून जमलंच, तर फडताळातल्या जुन्या पाटीवर ती लिहायची, पाठ झालं की पुसायची. आणि दुसऱ्या दिवशी तेच चरण शिळ्या आमटीसारखे लागायचे. हे आपण जुळवलं? ह्याच्यासाठी कालची भाजी खाली लागली? स्वतःचाच असा वीट यायचा की पुन्हा म्हणून नादी लागायचं नाही, अशी देवापुढं शपथ घ्यायची. शपथ दोन दिवस टिकायची.

एकच अभंग असा झाला की जो दुसऱ्या दिवशीही शिळा लागला नाही. गोवऱ्या थापताना आला होता. हात कोपरापर्यंत भरलेले, समोर पश्चिमेला सूर्य टेकलेला. दिवेलागणीला हात जोडावेत तर पाणी लांब. ती तशीच उभी राहिली आणि सगळा अभंग एका दमात आला, गाय पान्हावते तसा:

शेणाने भरले हात माझे दोन्ही ।
जवळ ना पाणी कशी जोडू ॥
उंबऱ्यात आला नरहरी माझा ।
नको मला पूजा म्हणे देव ॥
माझिया नखांत रक्त हे वाळले ।
तुझे शेण भले त्याहूनिया ॥

आणि मग शेवटचा चरण. देवानं आणि बाईनं मिळून पाटावर जायचं आणि हात धुवायचे. तिनं ते कुंडलिकाला म्हणून दाखवलं तेव्हा तो विडी ओढायची विसरला.

“ह्यो मंडळात म्हनू आपन,” तो म्हणाला. कुंडलिक भजनी मंडळात टाळ वाजवायचा. “पर शेवटाला नाव लागंल. त्याबिगर अभंग पुरा व्हत न्हाय.”

“मग हाय की नाव. भामा म्हणे…”

कुंडलिकाचा चेहरा बघण्यासारखा झाला. “अगं, टाळकऱ्यांनी ते धरून म्हनायचं आसतं! मी त्यांच्यातच. चारचौघांत, देवळात, मी तुजं नाव घिऊ? लगीन झाल्यापास्नं कधी घरात तरी घेतलंय का?”

घेतलं नव्हतं, हे खरं होतं. ‘अगं’, ‘ऐकतीस का’, फार तर ‘घरातली’. त्यांच्यात नवरा बायकोचं नाव घेत नसे आणि बायको नवऱ्याचं. त्यामुळं नवऱ्याचं नाव घालायची वाटही बंदच होती. ते तर तिच्या जिभेवर यायलाच नको. भामाबाईनं विचार केला, नावासाठी अभंग कशाला अडवायचा? शेवटच्या चरणाची पहिली सहा अक्षरं तिनं तशीच मोकळी सोडली. “तिथं नुसतं गुणगुणा,” तिनं सांगितलं. कुंडलिकानं मान हलवली. त्या माणसाला शिकवायला वेळ लागायचा. गवंड्यानं दगड बसवावा तसा एकेक शब्द बसवावा लागायचा, पण बसला की बसला. दहा दिवस त्यानं मोटेवर तेवढाच अभंग म्हटला, मोकळ्या जागेत गुणगुणून.

ती मोकळी जागा जोतीरामबुवाला सापडली. मंडळाची पेटी बुवाची, गळा बुवाचा, म्हणून मंडळही बुवाचंच. पानानं रंगलेलं तोंड, गोड जीभ. त्याच्या नावाची नेमकी चार अक्षरं, वर ‘म्हणे’ची दोन. जागेत असं बसलं की जणू मापच घेतलं होतं. भामाबाईला याचीच जास्त चीड आली.

कुंडलिक भजनाहून घरी आला. करपलेल्या भाकरीकडं बघून त्यानं काय ते ओळखलं.

“म्या सांगितलं व्हतं त्याला,” तो म्हणाला, “की ह्यो घरातलीनं जुळवलाय, जागा मोकळी ठिवायची हाय. तर म्हनला, बिननावाचा अभंग म्हंजी कुंपान नसलेलं रान. कुनाचंबी जनावर शिरतंय.”

“शिरलंच की,” शेजारच्या रंगूआक्का विस्तव मागायला आल्या होत्या, त्या बोलून गेल्या. “आन् वर पेटी वाजवाया लागलंय.”

कुंडलिक हसला. भामाबाई हसली नाही.

वैशाख लागला तसा जोतीरामबुवा स्वतः घरी आला. अंगण सकाळीच सारवलेलं होतं. त्यानं घोंगडीवर बैठक मारली आणि कडेला पिंक टाकली. सारवणावर लाल ओघळ पसरला. भामाबाई चहा घेऊन बाहेर आली, ते बघितलं, आणि तिच्या अंगावर शहारा आला.

“वैनी, नशीब काढलं तुमी!” बुवा म्हणाला. “नरसिंहजयंतीला आपल्या मंडळाला नरसिंहपुरात बसायला मिळालंय. देवळात. इंदापूरची, अकलूजची बडी मानसं येत्यात. तुमचा अभंग घेनार हाय मी. सगळ्यात शेवटाला, खास.”

तिच्या माहेरचा देव. त्याच्यापुढं तिचे शब्द. क्षणभर तिचं मन असं भरून आलं की ती पिंकही विसरली.

“फकस्त जरा धुवून घेतलाय,” बुवा म्हणाला. “शेन-बिन काढलंय. चंदने भरले हात माझे दोन्ही. कसं वाटतंय? आन् ते रक्त बी न्हाय ठिवलं. माझिया नखांत तेज हे दाटले. तुझे मन भले. आता कसं, सोवळ्यात आल्यागत वाटतंय.”

भामाबाईच्या हातात कपबशी तशीच राहिली.

“भावजी,” ती म्हणाली, “चंदनाचे हात धुवायचे कशाला?”

“आँ?”

“शेवटी दोघं हात धुवाया जात्यात न्हवं? चंदन कुनी धुतं का? आन् देवाच्या नखात तेज हाय, तर त्यो तरी कशाला धुतोय?”

बुवानं पान या गालातून त्या गालात सारलं. “भक्तीनं धुत्यात, वैनी. भक्तीला कारन लागत न्हाय.”

“आन् शेवटाला नाव तुमचं.”

“नाव!” बुवा कुंडलिकाकडं बघून हसला. “देवाच्या दारात तुजं-माजं कसलं घिऊन बसलाय? सगळं त्याचंच.”

“मग तुमचं तरी कशाला?”

“कुनाचं तरी लागतंच की!” बुवा म्हणाला आणि उठला. “बरं, ह्याच्या जोडीला अजून एक द्या बगा. गौळन झाक हुईल. जरा ठसक्याची.”

तो गेल्यावर भामाबाईनं अंगणातला तो डाग खरवडून काढला, तिथं पुन्हा सारवलं. हात चालत होते आणि मन दोन्हीकडून टोचत होतं. पोथीत लिहिलेलंच होतं, नावाची हाव ही माणसाला बुडवते. रोज वाचत होती ती. मग आपल्याला हे काय झालंय? देवाघरचा अभंग, तो कुणाच्या का नावानं देवापुढं जाईना. तिनं देवापुढं नाक घासलं, म्हणाली, गेलं नाव, सोडलं. खरंच सोडलं असावं, कारण त्यानंतर नावाचं तितकंसं दुखेना.

दुखत होतं ते शेण. तिच्या हाताला जन्मात कधी चंदन लागलं नव्हतं. चंदनाचे हात म्हणत नरहरीपुढं उभं राहायचं म्हणजे देवाच्या तोंडावर खोटं बोलायचं. तेही माहेरच्या देवाच्या. त्याला काय ठाऊक नव्हतं ही कुणाची पोर, कसल्या घरातली? आपले शब्द खोटे झाले की काय होतं ते तिला पहिल्यांदा कळलं. अंगावर पाल पडावी तसं.

रंगूआक्कांना तिनं हे सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “सड्याला शेन, सारवायला शेन, पंचगव्यात शेन. देवाच्या पोटात जातंय त्ये, आन् ह्या भाड्याच्या तोंडात मावंना व्हय? तोंडात बसली पानाची गटारं.”

“अवं,” तिनं कुंडलिकाला विनवलं, “नाव राहू द्या त्याचं. शेन तेवढं परत घालाया सांगा.”

“मी सांगून त्यो ऐकनार?” कुंडलिक म्हणाला. भांडण म्हटलं की त्याला कापरं भरायचं. “जाऊ दे गं. एका सबदानं काय हुतंय?”

तिनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं की तो गोठ्याकडं निघून गेला.

नरसिंहजयंतीला सगळी एसटीनं निघाली. मंडळाची माणसं पुढं, पेटी मांडीवर घेऊन, बायका मागं. इंदापुरात गाडी बदलली, बावड्याच्या पुढं धूळ खात नरसिंहपूर गाठलं. ऊन मरणाचं, दोन्ही नद्यांची पात्रं आटून वाळू उघडी पडलेली, घाटावर माणसांची दाटी. भामाबाईनं संगमावर आंघोळ केली, वर चढून दर्शन घेतलं. देवापुढं हात जोडताना तिला काही मागावंसं वाटेना. फक्त लाज वाटत होती. आता जे ऐकशील ते माझं नाही, एवढंच ती म्हणाली.

मंडपात मंडळ बसलं. पुढं फेटेवाले, तालुक्याचे पुढारी, मागं खांबाच्या आडोशाला बायका. दोन-तीन अभंग झाले आणि बुवानं ती सिनेमाची चाल धरली. फेटे डोलायला लागले. कुणीतरी तर बोटानं मांडीवर ताल धरला. भामाबाईनं पदर तोंडात कोंबला.

“चंदने भरलेऽऽ,” बुवानं लांबवलं.

टाळकऱ्यांनी धरायचं होतं. धरलंही. पण त्यांच्यात एक जाडा, सरळ, बिनमुरक्याचा आवाज वेगळाच निघाला:

“शेणाने भरलेऽऽ!”

कुंडलिक. डोळे मिटलेले, टाळ छातीशी, मान एका लयीत हलतेय. गेल्या आठवड्यात त्यानं चंदन घोकलं होतं, पण देवळात बसला, डोळे मिटले, आणि आत जे बसलं होतं तेच बाहेर आलं. पुढच्या फेट्यांत खसखस पिकली. बुवानं पेटीवरून डोळे वटारले. मिटलेल्या डोळ्यांना काय दिसणार! बुवा ‘तेज’ म्हणाला, कुंडलिक ‘रक्त’ म्हणाला. बुवा ‘मन’ म्हणाला, कुंडलिकानं ‘शेण’ असं ठासून म्हटलं की मागच्या बायकांतसुद्धा हसू फुटलं. आणि शेवटच्या चरणाला सगळे ‘जोतीराम म्हणे’ म्हणाले तेव्हा हा एकटा, शिकवल्याबरहुकूम, नुसता गुणगुणत राहिला, भुंग्यासारखा.

रंगूआक्का भामाबाईच्या मांडीवर बुक्क्या मारून हसत होत्या. भामाबाईला हसावं की खांबामागं तोंड लपवावं ते कळेना.

भजन उठलं. घाटाच्या वरच्या पायरीशी पिंपळाखाली बुवानं कुंडलिकाला गाठलं. मंडळ गोळा झालं, बायका थोड्या अंतरावर थांबल्या.

“कुंडल्या, शेन खाल्लंस की रं भर देवळात!” बुवाच्या तोंडातून पानाचे शिंतोडे उडत होते. “बड्या मानसांत माजी इज्जत घालवलीस. कुनी सांगितलं व्हतं तुला शेन म्हनाया?”

कुंडलिक गोंधळून सगळ्यांकडं बघत राहिला. शिंतोडे त्याच्या सदऱ्यावर पडले होते, ते त्यानं हातानं पुसले. भांडायचं त्याच्या मनात नव्हतंच. विचारलं ते त्यानं सरळ सांगितलं.

“भामानं सांगितलं. शेनाचाच हाय त्यो. गोवऱ्या थापताना जुळवलाय तिनं. भामा म्हनली चंदनाचे हात कशाला धुवायचे, मलाबी तेच वाटलं, बुवा.”

मग एक टाळकरी ओरडला, “नाव घेतलं रं! कुंडलिकानं बायकूचं नाव घेतलं!”

हसण्याचा डोंब उसळला. “आता उखाण्यात घे की, कुंडलिकराव!” “घास भरव, घास!” शेण कुणाचं, अभंग कुणाचा, सगळं त्या हसण्यात वाहून गेलं. कुंडलिकाच्या ध्यानात आलं आपण काय बोललो, आणि तो कानापर्यंत लाल झाला.

भामाबाई ऐकत उभी होती. तिचं नाव चारचौघांत घेतलं गेलं होतं, नरहरीच्या दारात, तिच्या अभंगासकट. हेच हवं होतं ना? हे असं? दात काढणाऱ्या तोंडांतून, शिंतोड्यांतून? तिला त्या सगळ्यांची शिसारी आली. बुवाची आली, हसणाऱ्यांची आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःची आली, कारण एवढं होऊनही नाव ऐकताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या.

“न्या तुमचं शेन तुमच्या घरी!” बुवा तिच्याकडं बघून म्हणाला. “पुन्यांदा हा अभंग मी तोंडात घेनार न्हाय.”

“लई उपकार हुतील, भावजी,” भामाबाई म्हणाली. एवढंच. आणि बायकांना घेऊन गाडीच्या वाटेला लागली.

परतीच्या गाडीत मंडळ फुगून बसलं होतं. कुंडलिक एकटाच पुढच्या बाकावर, टाळ पिशवीत घालून, मान खाली. रंगूआक्का खिडकीशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “आलाय न्हवं तुजा अभंग माघारी? मग म्हन की.”

भामाबाईनं तोंड उघडलं, आणि आली ती सिनेमाची चाल. तिनं झटकन ओठ मिटले. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा मुरका. शब्द तिचेच होते पण प्रत्येकाला कसला तरी चिकटपणा आला होता, दुसऱ्याच्या तोंडात फिरून आलेल्या घासासारखा.

“नको, आक्का,” ती म्हणाली. “उष्टा झाला. आता त्यो माझ्या गळ्यातनं यायचा न्हाय.”

“मग माज्या येऊ दे,” रंगूआक्का म्हणाल्या. त्यांचा गळा म्हणजे रहाटाचं चाक. सूर त्यांच्या वाटेला जन्मात गेला नव्हता, त्यामुळं सिनेमाची चाल त्यांना लागायची भीतीच नव्हती. “शेवटाला काय हाय? पैली अक्षरं खरी काय ती सांग. गुनगुनू नगंस.”

भामाबाईनं पुढच्या बाकाकडं बघितलं. मग बऱ्यापैकी मोठ्यानं म्हणाली, “भामा म्हणे चल.”

पुढच्या बाकावरची मान हलली नाही, पण टाळांच्या पिशवीत काहीतरी किणकिणलं.

रंगूआक्कांनी घसा खाकरला आणि गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवला. चाल नाही, सूर नाही, बाजारात भाजीचा पुकारा करावा तसं सगळं सरळसोट:

“शेनाने भरलेऽ हात माझे दोन्हीऽऽ!”

मागच्या बायकांनी माना वळवल्या. आक्का थांबल्या नाहीत. नरहरी उंबऱ्यात आला, रक्त वाळलं, शेण भलं ठरलं.

“भामा म्हणे चल, धुतो दोघे हातऽऽ”

“धुतो न्हवं, आक्का,” भामाबाई म्हणाली. “धुऊ. धुऊ दोघे हात. पुन्यांदा म्हना.”